मालकांच्या पत्त्यावरून गेलेलं पत्र

एक

बारकीनं ऑफिस उघडलं, पंखा लावला, कॉम्प्युटर लावला आणि ती टेबल पुसतेय तोच मालक आत आले. मालक सकाळी कधी येत नसत. आले ते थेट तिच्यासमोर उभे राहिले आणि मोबाइल तिच्या नाकापुढे धरून म्हणाले, "हे मी कधी लिहिलं ते सांग."

बारकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वयानं आणि अंगानं तीच सगळ्यांत लहान, म्हणून गॅरेजातल्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी तिला बारकी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. प्रवेश, पावत्या, वेळापत्रक आणि सगळ्यांची मेल ही कामं तिच्याकडे होती. कॉम्प्युटरही एकच होता आणि तो तिच्या टेबलावर होता.

मोबाइलवर दिव्यांगांच्या संघटनेच्या अध्यक्षबाईंचं पत्र होतं. संघटनेची एक गाडी स्कूलच्या गॅरेजात उभी होती. ज्यांचे पाय चालत नाहीत अशांना ती नुसत्या हातांनी चालवता यावी म्हणून मिस्त्री तिच्यात दांडे बसवत होता, आणि पुढच्या आठवड्यापासून शिकवणी सुरू व्हायची होती. अध्यक्षबाईंनी लिहिलं होतं, तुम्ही प्रामाणिकपणे कळवलंत याचा आदर वाटला, आम्ही दुसऱ्या स्कूलशी बोलतो आहोत, आज संध्याकाळी गाडी न्यायला येते. त्याखाली मूळ पत्र होतं, मालकांच्या पत्त्यावरून परवा दुपारी गेलेलं.

"ताई, नमस्कार. फार विचार करून कळवावं लागतंय की यापुढे मला हे जमणार नाही. तुमची माणसं विश्वासानं गाडीत बसणार, आणि माझा मलाच भरवसा उरलेला नाही. माझ्यावर अवलंबून राहू नका, दुसरं कुणी बघा. राग नसावा."

खाली मालकांचं नाव, संचालक हा हुद्दा, फोन नंबर आणि स्कूलचं ब्रीदवाक्य: आम्ही शेजारी असताना तुम्ही निर्धास्त.

बारकीचा थोरला भाऊ त्या गाडीच्या यादीत पहिला होता. अपघातात त्याचे पाय गेले तेव्हापासून तो घराबाहेर पडायला कुणाच्या तरी हाताची वाट बघत बसायचा. गेला महिनाभर मात्र चाकाच्या खुर्चीत बसून तो ताटली हातात धरून वळणं घ्यायचा आणि तोंडानं हॉर्नही वाजवायचा. आई हसायची, बारकी हसायची. घरात पुष्कळ दिवसांनी असं हसू आलं होतं.

तिनं सांगितलं, मी लिहिलं नाही. मालकांनी विचारलं, मग कॉम्प्युटरनं आपणहून लिहिलं का. स्कूलचे मेलचे चारही पत्ते तिच्या ताब्यात, पासवर्ड तिनंच भरून ठेवलेले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हिनं कसला तरी घोळ घातला आणि आता कबूल करायची लाज वाटतेय.

"संध्याकाळी त्या बाई येतील तेव्हा मला उत्तर हवंय," मालक म्हणाले. "नाही मिळालं, तर उद्यापासून तू येऊ नकोस."

ते आतल्या खोलीत गेले. तेवढ्यात खिडकीशी मास्तर दिसले. मास्तर म्हणजे स्कूलमधले सगळ्यांत जुने शिक्षक. अर्ध्या गावाला त्यांनीच गाडी शिकवली होती. ऑफिसच्या दोन पायऱ्या चढून आत यायचं सोडून ते हल्ली खिडकीतूनच बोलत. त्यांनी कट्ट्यावर हात टेकून विचारलं, "पोरी, शिक्षकांच्या मेलवर माझ्यासाठी काही आलंय का?"

आलं नव्हतं. कालही त्यांनी हेच विचारलं होतं. ते मान हलवून गेले, आणि बारकीनं डोळे पुसले.

दोन

"रडून झालं असेल तर मला ते पत्र दाखव," असं कुणीतरी म्हणालं. बारकीनं वर पाहिलं तर बाकावर विमाबाई बसल्या होत्या. त्या कधी आल्या हे तिला कळलंच नव्हतं, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

विमाबाई या मास्तरांच्या विद्यार्थिनी. उभा जन्म विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडण्यात गेला आणि निवृत्त झाल्यावर गाडी शिकायची हौस आली. लायसन्सच्या परीक्षेत त्या तीनदा नापास झाल्या होत्या. गाडी मागे घ्यायची म्हटली की ती हमखास फुटपाथवर चढायची. पण समोरचा माणूस खरं बोलतोय की खोटं, हे त्यांना तो खुर्चीत नीट बसायच्या आत कळायचं, आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायला त्यांना आमंत्रण लागत नसे.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "हा मेलचा प्रकार मला एकदा दाखव. माझ्या घरी एकच पत्ता आहे आणि त्याच्यावर कुणी लिहीत नाही."

बारकीनं दाखवलं. प्रोग्रॅम एकच, पत्ते चार. डाव्या बाजूला एकाखाली एक चार पेट्या: मालक, प्रवेश, शिक्षक, गॅरेज. आलेल्या पत्राला उत्तर दिलं तर ते ज्या पत्त्यावर आलं त्याच पत्त्यावरून परत जायचं. नवीन पत्र मात्र, समोर जी पेटी उघडी असेल तिच्या पत्त्यावरून जायचं, आणि त्या पत्त्याची सही खाली आपोआप यायची. पाठवणाऱ्याचा पत्ता वरच्या ओळीत दिसायचा आणि तिथे बोट लावून बदलताही यायचा.

"म्हणजे इथे बसेल तो कुणाच्याही नावानं लिहू शकतो?"

"हो. पण लिहिणार कोण? मी, मालक, त्यांचे मेहुणे. मास्तर आणि मिस्त्री कधीतरी."

बाहेरून कुरिअरवाल्यानं हाक मारली. बारकी उठली, आणि उठता उठता तिनं माउसनं एक टिचकी मारली. विमाबाईंनी कान टवकारले.

"आत्ता काय केलंस तू?"

बारकीला आधी कळेचना. मग ती म्हणाली, मालकांची पेटी उघडून ठेवली. मालकांचा नियम होता तसा. जेवायला जा नाहीतर घरी जा, टेबलावरून उठताना माझी पेटी समोर उघडी पाहिजे. मी येऊन बसलो की मला माझी पत्रं दिसली पाहिजेत, शोधायला लागता कामा नये. तिच्या हाताला ती सवयच लागली होती.

विमाबाईंनी पडद्याकडे बघतच विचारलं, परवा दुपारच्या सुट्टीत इथे कोण होतं. बारकी तर रोज भावाला जेवायला वाढायला घरी जाते. मालक गावात नव्हते. गॅरेजात मिस्त्री होता. आणि ऑफिसात, बारकी आवाज उतरवून म्हणाली, मेहुणे होते.

"मग आधी मेहुण्यांच्या नावानं शंख करू," विमाबाई म्हणाल्या. "मालकांची ट्रॅश उघड बघू. लोक पुसतात ते सगळं खरंच पुसलं जात नाही."

बारकीनं ट्रॅश उघडली. तिथे मालकांच्या पत्त्यावरून गेलेलं आणखी एक पत्र होतं, आणि ते मालकांनी लिहिलेलं नव्हतं.

तीन

मेहुणे म्हणजे मालकांच्या बायकोचे भाऊ. त्यांचं स्कूलमध्ये नेमकं काम काय हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण आपला तो बाब्या, या न्यायानं मालक त्यांना कधी बोलत नसत, आणि चूक झाली की आधी बारकीकडे बघत. दिव्यांगांच्या गाडीत पैसे नाहीत, डोक्याला ताप तेवढा आहे, असं मेहुणे उघड म्हणत.

ट्रॅशमधलं पत्र जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दलालाला होतं. स्कूलमधली सगळ्यांत जुनी गाडी काढायची आहे, काय भाव येईल, खाली मालकांची सही. विमाबाईंनी ते मालकांच्याच समोर मेहुण्यांना वाचून दाखवलं. मेहुण्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं, सकाळपासून ते उगाचच घाम पुसत होते.

भाऊजींना जरा मदत करावी, तयार गिऱ्हाईक समोर आणून ठेवावं, एवढाच हेतू होता, असं ते म्हणाले. मालक खुर्चीत मागे टेकून बसले, आणि बारकीला वाटलं, आता सुटलो आपण.

पण मेहुण्यांनी हात जोडले. "हे मी केलं. मुद्दाम तुमचा पत्ता निवडून केलं आणि कुणाला दिसू नये म्हणून पुसलंही. पण ते दुसरं पत्र मी लिहिलं असतं, तर तेही पुसलं नसतं का? ते तर अजून 'सेंट'मध्ये तसंच पडलंय."

विमाबाईंनी चष्मा काढून पुसला. आज या ऑफिसात बोललेलं हे पहिलं पुरेपूर खरं वाक्य आहे, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्याच्या घरात शिरलेला माणूस पावलं पुसत बाहेर पडतो. या पत्र लिहिणाऱ्यानं काहीच पुसलं नव्हतं.

मालकांनी विचारलं, मग राहिलं कोण. आणि पुन्हा त्यांची नजर बारकीवर गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही त्यांची जुनी खोड होती. त्यांच्या हिशोबी आता खरोखरच दुसरं कुणी राहिलं नव्हतं.

चार

गॅरेजात मिस्त्री संघटनेच्या गाडीखाली आडवा पडलेला होता. विमाबाईंनी त्याच्या पायांशीच बोलायला सुरुवात केली.

मेल तू लिहिलीस का, या प्रश्नावर गाडीखालून हसू ऐकू आलं. मला काही सांगायचं असलं तर मी ओरडतो, लिहीत बसत नाही, असं म्हणून तो बाहेर सरकला. ही गाडी परत जाणार हे ऐकल्यावर मात्र त्याचं हसू गेलं. त्यानं स्टिअरिंगखालचा दांडा प्रेमानं दाखवला. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. आयुष्यात एवढं मनापासून केलेलं काम नाही, असं तो म्हणाला, आणि बारकीला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

मग तो कुरकुरायला लागला. या कामात आधीच वेळ नाही, त्यात मास्तरांची भुणभुण. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. "ते पेडल हलकं करून दे म्हणून मास्तर मागे लागलेत. दोनदा करून दिलं. आता लहान पोरानंही दाबलं तर गाडी थांबेल, तरी म्हणतात जड आहे."

विमाबाईंचा हात चष्म्याकडे गेला. बारकीला आठवलं, मागच्या आठवड्यात याच बाई ऑफिसात येऊन स्वतःवरच चिडल्या होत्या. समोर सायकलवाला आडवा आला, मला ब्रेक सापडेना, तेव्हा मास्तरांनी हातानं हँडब्रेक असा खेचला की माझा चष्मा काचेवर जाऊन आदळला, असं त्यांनी सगळ्यांना रंगवून सांगितलं होतं आणि सगळे हसले होते.

"मी मूर्ख," विमाबाई पुटपुटल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मग त्यांनी बारकीला विचारलं, "पत्राखाली नाव लिहायचं नाही, ते आपोआप येतं, हे तू कुणाकुणाला शिकवलंस?"

बारकीनं आठवून पाहिलं. मालकांना आधीपासून माहीत होतं. मेहुण्यांना शिकवायला ती गेली नव्हती. मिस्त्री शिकायला आला नव्हता. तिनं हे फक्त एका माणसाला शिकवलं होतं.

पाच

मास्तर कोपऱ्यावर गाडीत बसून विमाबाईंची वाट बघत होते. तिथपर्यंत चालत जाताना विमाबाईंनी सगळं उलगडून सांगितलं.

त्या म्हणाल्या, खोट्या दाव्यात माणूस नेहमी स्वतःच्या फायद्याचं लिहितो. या पत्रात लिहिणाऱ्यानं स्वतःविरुद्धच लिहिलंय, माझा मलाच भरवसा नाही म्हणून. असलं कुणी दुसऱ्याच्या नावानं लिहीत नाही. म्हणजे हे पत्र खोटं नव्हतंच. खऱ्या माणसानं खऱ्या मनानं लिहिलेलं पत्र, फक्त चुकीच्या पत्त्यावरून गेलेलं. आणि संघटनेच्या माणसांशेजारी गाडीत बसणार कोण? मालक कधी शिकवत नाहीत, त्यामुळे त्यांचा भरवसा असला काय नि नसला काय. मास्तर परवा सुट्टीत येऊन बसले, समोर नियमाप्रमाणे मालकांची पेटी उघडी. त्यांनी 'नवीन' दाबलं, वरची ओळ बघायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि शिक्षकांच्या पत्त्याखाली आपलं नाव आपोआप येतं म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही. नाव आलं, पण मालकांचं.

"आणि म्हणून ते रोज उत्तर आलं का विचारतात," बारकी म्हणाली. उत्तर आलं होतं. ते मालकांच्या पेटीत जाऊन पडलं होतं.

विमाबाई ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या, बारकी मागे. गाडी सुरू न करताच विमाबाईंनी कागद काढला आणि पत्र वाचून दाखवलं. मास्तरांनी तो कागद हातात घेतला.

"हे माझं आहे," ते म्हणाले. "पण तुमच्याकडे कसं आलं?"

मालकांनी त्यांना सकाळी वाटेत गाठून एवढंच सांगितलं होतं, की कुणीतरी माझ्या नावानं पत्र लिहून संघटनेचं काम मोडलं. मास्तरांनीही त्या कुणाला तरी मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. आपण तर आपल्या पत्त्यावरून, आपल्यापुरतं लिहिलं; त्याचा याच्याशी संबंध असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. अध्यक्षबाईंनी उत्तरही दिलं नाही याचं मात्र त्यांना वाईट वाटत होतं.

उजवा गुडघा वर्षभर दगा देत होता. पाय पेडलपर्यंत जायचा, पण हवा तेव्हा जायचा नाही. त्या दिवशी सायकलवाला हँडब्रेकमुळे वाचला, आणि त्या रात्री मास्तरांना झोप लागली नाही. ज्यांच्या पायात बळ नाही अशा माणसांशेजारी आपण बसायचं, आणि आपलाही पाय ऐनवेळी उठला नाही तर? मालकांना सांगायची लाज वाटली. शिकवणं सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि घरी बसायचं म्हटलं की त्यांना धडकी भरायची.

विमाबाईंनी त्यांना उघड्या पेटीचा घोळ आणि बारकीवर आलेला आळ सांगितला. "पोरी," ते मागे वळून म्हणाले, "माझ्यापायी तुझी नोकरी चालली होती?"

बारकीला त्यांच्यावर रागावताच येईना. तिनं सांगितलं की नोकरीचं जाऊ दे, दादा घरी ताटली घेऊन बसलाय. मास्तरांनी तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि गाडीचं दार उघडलं. चला, मालकांना मीच सांगतो, असं ते म्हणाले.

सहा

ऊन उतरायच्या वेळी अध्यक्षबाई आल्या. त्यांची चाकाची खुर्ची मिस्त्रीनं पायऱ्यांवरून उचलून आत आणली. मालक, मेहुणे, विमाबाई, सगळे टेबलाभोवती. मास्तर या वेळी खिडकीत थांबले नाहीत. भिंतीचा आधार घेत दोन्ही पायऱ्या चढून ते आत आले, आणि जे गाडीत सांगितलं ते त्यांनी उभ्यानं पुन्हा सांगितलं.

मालक तापट असले तरी मनानं वाईट नव्हते. त्यांनी आधी मास्तरांना खुर्ची दिली, मग बारकीकडे वळून सगळ्यांदेखत सांगितलं की माझं चुकलं. पेटी उघडी ठेवायचा नियमही आजपासून बंद, असं ते म्हणाले.

अध्यक्षबाईंचा प्रश्न साधा होता. पत्र स्कूलचं नव्हतं हे कळलं, बरं वाटलं. पण शिकवणार कोण? आमच्या माणसांना घाई करणारा शिक्षक चालत नाही, म्हणून तर आम्ही मास्तरांसाठी या स्कूलकडे आलो होतो. मास्तर खाली मान घालून गुडघ्यावर हात फिरवत होते.

मिस्त्री दारात उभा राहून कधीचा कपाळ खाजवत होता.

"मास्तर, पाय कशाला पाहिजे तुम्हाला?" तो म्हणाला. "त्या गाडीत ब्रेक हातातच आणलाय मी. जसा दांडा शिकणाऱ्याकडे बसवलाय, तसाच एक तुमच्या बाजूला बसवतो. शनिवारपर्यंत होईल."

आधी मेहुणे हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की यात हसण्यासारखं काही नाही. मास्तरांनी मान वर केली. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू ते आत्ताच कुणी आणून दिले होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, पाय ऐकत नाही म्हणजे काय, हे ज्याला समजावून सांगावं लागणार नाही असा शिक्षक आम्हाला आजवर कुठेच मिळाला नव्हता. गाडी न्यायला आलेल्या माणसांना त्यांनी परत पाठवलं.

सगळे गॅरेजकडे गेले. मास्तर मात्र बारकीच्या टेबलाशी थांबले. तिला उठवून ते तिच्या खुर्चीत बसले. डावीकडची शिक्षकांची पेटी त्यांनी स्वतः उघडली, 'नवीन' दाबलं, वरची ओळ बोट ठेवून वाचली आणि मग एकेक अक्षर शोधत लिहिलं:

"ताई, शनिवारी येतो. पहिली शिकवणी बारकीच्या दादाची."

त्याखाली त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्याच्याखाली तेच नाव प्रोग्रॅमनं आपणहून घातलं होतं. नाव दोनदा आलं होतं. बारकीनं ते पाहिलं, आणि तसंच राहू दिलं.